उजवा कौल

भाट्याच्या पुलावर सुजयचा फोन वाजला तेव्हा मोटरसायकलच्या हँडलला बांगड्यांची पिशवी लटकत होती आणि त्याच्या डोक्यात, आज बांगड्यांचं तिखलं करायला सांगावं की तळायला सांगावं, एवढा एकच प्रश्न होता. सुखी माणसाच्या डोक्यात असलंच काहीतरी फुटकळ चाललेलं असतं. बोटीवर जायचे दिवस जवळ आले की घरच्या बायका खलाशाला असं काही खाऊ घालतात, की बघणाऱ्याला वाटावं बोटीवर माणसं वारा खाऊन जगतात. त्याने गाडी कठड्याशी घेतली, कमरेला हिसका बसू नये म्हणून उजवा पाय जपून टेकला आणि फोन कानाला लावला. बेलापूरच्या ऑफिसातला हितेश होता. बोटींवर माणसं भरून पाठवायची हे त्या ऑफिसचं काम. हितेश स्वतः उभ्या जन्मात बोटीची शिडी चढला नव्हता, पण कोण कधी कुठल्या समुद्रात असेल ते त्याच्या हातात होतं, म्हणून सगळे त्याच्याशी जपून होते. एरवी फोन लावला की तो ‘काय बोसन, बॅग भरली का?’ अशी सुरुवात करायचा, कारण सुजय डेकवरच्या खलाशांचा मुकादम, म्हणजे बोसन होता. आज तो नुसतं ‘शिवलकर’ म्हणाला. आडनावाने हाक आली की काहीतरी बिनसलंय हे शाळेपासून कळतं. सुजयने पिशवी सावरली.

“शिवलकर, तुझी ड्रग टेस्ट पॉझिटिव्ह आलीय. गांजा.”

सुजय हसला. खरंच हसला. हितेशला वाटलं असेल की हा निर्लज्ज आहे. मग हितेशने जरा आवाज मऊ करून विचारलं, की बाबा, हल्लीच्या दिवसांत तू काही घेतलं होतंस का, म्हणजे औषध, काढा, जिमची पावडर, कसलीही गोळी, असेल तर आत्ताच सांग, मी डॉक्टरशी बोलतो. आणि सुजय म्हणाला, “नाय.” म्हणाला असं तरी कसं म्हणायचं, तो शब्द त्याच्या तोंडातून पडला, पिकलेलं फळ पडतं तसा. ऑफिसातल्या माणसाने काही विचारलं की नाय म्हणायचं, हे खलाशाच्या हाडात मुरलेलं असतं. मेडिकलला गेलं की प्रश्नांची सरबत्ती होते. चक्कर येते? नाही. मणक्याचं काही? नाही. झोप? लागते. रोजचं औषध? नाही. पहिल्या बोटीवर जाताना हरिश्चंद्र तांडेल नावाच्या म्हाताऱ्या सारंगाने त्याला शिकवलं होतं, की डॉक्टरपुढे देवळात उभा राहतोस तसा उभा राहा नि इचारील त्याला नाय म्हण. हो म्हणणारे घरी बसतात. त्या म्हाताऱ्याने अर्ध्या गावाला हा मंत्र दिला होता आणि अर्धं गाव त्या मंत्रावर जग फिरून आलं होतं. ‘नक्की ना?’ हितेशने पुन्हा विचारलं. कदाचित त्याला खरंच वाटत होतं की याने काहीतरी सांगावं. मग तो म्हणाला, की बरं, मग विषयच संपला, जॉइनिंग रद्द समज, कंपनीला कळवावं लागतं, तुझं नाव आता कोण पुढे करणार. फोन बंद झाला. पुलाखाली भरती खाडीत शिरत होती, आणि बांगड्यांच्या पिशवीतलं पाणी त्याच्या चपलेवर ठिबकत होतं.

तो भ्याला. पण त्यातही त्याला एक विचित्र गोष्ट जाणवली, की ज्याला तो महिनोन्महिने घाबरत होता ते झालंच नव्हतं. मेडिकलच्या खोलीत सगळा जीव त्याच्या कमरेत गोळा झाला होता. मागच्या बोटीवर मुरिंगचा, म्हणजे बोट धक्क्याला बांधायचा दोर ओढताना कमरेत काहीतरी कट्कन वाजलं होतं आणि त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं, कॅप्टनला नाही, डॉक्टरला नाही, आईला तर नाहीच. दोर ओढता न येणारा बोसन म्हणजे दात नसलेला कुत्रा. त्या दिवशी डॉक्टरने वाकून पायाची बोटं धरायला सांगितली तेव्हा तो वाकला, त्याने बोटं धरली, वर येताना चेहरा हसरा ठेवला, आणि मनातल्या मनात गावदेवीला हात जोडले. मग एका नर्सने त्याला प्लास्टिकची छोटी बाटली दिली. संडासातल्या पाण्यात निळा रंग टाकलेला होता आणि भिंतीवरचा नळ काढून टाकलेला होता, कुणी लघवीत पाणी मिसळू नये म्हणून. त्या निळ्या पाण्याकडे बघून त्याला गंमत वाटली होती. एवढा बंदोबस्त चोरांसाठी, आपला काय संबंध, असं म्हणत त्याने बाटली भरली आणि हलक्या मनाने बाहेर येऊन नर्सच्या हातात दिली. पुढच्या दाराला कडी लावून माणूस निर्धास्त निजतो आणि घर मागल्या दाराने लुटलं जातं.

गाडीला किक मारली तेव्हा कमरेतून कळ गेली, आणि त्या कळेसरशी त्याला गोळ्या आठवल्या. बायकोच्या, मनिषाच्या, मामेबहिणीच्या लग्नाहून परतताना ते हातखंब्याला सरबत प्यायला थांबले होते. हायवेच्या कडेची ती टपरी, कोकमाच्या बाटल्या, काजू, आंबापोळी, आणि मागच्या फळीवर आयुर्वेदिक म्हणून लावलेले डबे. सरबत पिऊन खुर्चीतून उठताना तो कण्हला ते टपरीवाल्याने बघितलं आणि डबा काढून दिला. कमरेला रामबाण, झोपही लागेल, सगळा झाडपाला हाय, अपाय म्हणून नाय. मनिषाने घासाघीस करून तो घेतला. आणि गोळ्या खरंच लागू पडल्या. बोटीवरून आल्यापासून पहिल्यांदा तो कूस न बदलता झोपला होता. त्या गोळ्यांच्या जोरावरच तर तो डॉक्टरपुढे वाकला होता. रंगाचा डबा असो की केमिकलचा, झाकणाला हात लावण्याआधी लेबल वाच, असं बोटीवरच्या नव्या पोरांना ओरडून ओरडून सांगणारा तो, घरच्या डब्यावर काय लिहिलंय ते त्याने बघितलंही नव्हतं. बायकोने आणलेल्या वस्तूचं लेबल कोण वाचतं.

घरी आला तेव्हा सगुणा, त्याची आई, पडवीत सुकी कोलीम, बारीक जवळ्यासारखी, निवडत बसली होती. देवघरात गाऱ्हाण्याचा नारळ शेंडी ठेवून सोलून तयार होता. सुजय बोटीवर जायच्या दिवशी तो देवापुढे ठेवून गावातलं म्हातारं माणूस गाऱ्हाणं घालायचं, की बा देवा म्हाराजा, हे लेकरू परमुलखात जातंय, दर्याच्या पाठीवर त्याची राखण कर, आणि बाकीचे होय म्हाराजा म्हणायचे. आईने बांगडे बघून ताजे आहेत का ते कल्ला उचलून पाहिलं आणि विचारलं, की फोन आला काय ऑफिसातून. जॉइनिंग पुढे गेलंय, तो म्हणाला. आई म्हणाली, बरं झालं, तेवढाच पोरीला बापाचा लाभ. मनिषा मात्र त्याचं तोंड बघूनच आतल्या खोलीत त्याच्या मागोमाग आली. त्याने सांगितलं. तिने तांदळाच्या डब्यामागून तो डबा काढला, आणि दोघं नवराबायको खिडकीच्या उजेडात, चोरीचा माल बघावा तसे त्याच्याकडे बघत राहिले. डब्यावर हिरव्या पानाचं चित्र होतं, हाताच्या पंज्यासारखं पसरलेलं. ते पान गांजाच्या झाडाचं, हे मुंगीच्या अक्षरात इंग्रजीत छापलेलं होतं. मनिषा रडायला लागली. मीच आणल्या, मीच तुम्हाला पाण्याबरोबर दिल्या, असं ती तेच तेच बोलत राहिली, आणि तो तिला गप्प करत राहिला, आई ऐकेल म्हणून.

मनिषाच्या सांगण्यावरून त्याने हितेशला उलट फोन लावला. हितेशने ऐकून घेतलं, पण त्याच्या ऐकण्यातच उत्तर होतं. मघाशी नाही म्हणालास, आता एकदम डबा सापडला? सगळे असंच सांगतात रे. आणि समज, डॉक्टरने मानलंच, तर तो विचारणार की गोळ्या कशासाठी. कमरेसाठी. कंबर गेलेल्या माणसाला फिट कोण देणार? हितेश वाईट बोलला नाही, उलट त्याला कीव आलेली होती, आणि ती सुजयला जास्त लागली. म्हणजे दोनच वाटा उरल्या होत्या. गांजेकस म्हणून घरी बसायचं किंवा लंगडा म्हणून घरी बसायचं. कमरेच्या वाटेने गेलं तर निदान अब्रू राहते, असं त्याला त्या दिवशी वाटलं, आणि त्याने कमरेचं सगळं खरं सांगून टाकलं. हितेशने बघतो म्हटलं. मग त्याचा फोन आला नाही. सुजयने केले ते त्याने उचलले नाहीत.

कोकणात बातमीला पाय लागत नाहीत, ती खाऱ्या वाऱ्यावर येते. त्याच ऑफिसातून बोटीवर जाणारा वाडीतला निलेश एकदा नाक्यावर भेटला आणि डोळा मिचकावून म्हणाला, की बोसन, एकटे एकटे ओढतास होय, आमाला सांगायचंत तरी. निलेशच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याने तो विनोदच केला होता आणि आजूबाजूचे हसलेही. सुजयही हसला, कारण न हसणं म्हणजे कबुली. पण ते हसू घेऊन तो घरी आला तेव्हा शेजारची भागूबाई मासळीची रिकामी टोपली उंबऱ्याशी ठेवून आईच्या कानाशी लागलेली होती. त्याला बघून भागूबाई उठून गेली. आई कितीतरी वेळ हातातलं सूप नुसतंच हलवत राहिली. मग सूप बाजूला ठेवून तिने विचारलं, “सुज्या, भागू सांगत्येय ता खरा काय?”

“मी काय घेत नाय, आये.”

बोलला आणि त्याच क्षणी त्याला कळलं की हे वाक्य त्याचं नाही. हे दीपेशचं वाक्य. शब्द तेच, आवाजातली तीच थोडी दुखावलेली, थोडी चिडलेली लकब, ‘आये’ म्हणताना खाली येणारा तोच सूर. एकाच आईचं दूध प्यालेल्यांचे गळे सारखे असणारच, पण हे काहीतरी भलतंच होतं. त्याचा धाकटा भाऊ दीपेश ट्रॉलरवर जायचा, आणि तिथेच कुणीतरी त्याला गर्दाची चटक लावली. ती वर्षं या घरात अजून कुणी बोलून दाखवत नाही. आधी बंबाचं तांब्याचं झाकण गेलं, मग घागर, मग देवघरातली समई. समई आईने भंगारवाल्याकडून परत मिळवली तेव्हा तिची एक चोच चेपलेली होती. आजही त्या चोचीत वात नीट बसत नाही. प्रत्येक वेळी दीपेश याच पडवीत याच जागी उभा राहून हेच म्हणायचा. आणि सगुणा त्याला पडवीच्या कडेला नेऊन, हनुवटीला धरून, तोंड उजेडाकडे वळवून त्याचे डोळे बघायची. लाल असले तर ती काही बोलायची नाही, पदर कमरेला खोचून आत जायची आणि भांडी मोजायची. दीपेश किनाऱ्यावर उपड्या घातलेल्या होडीच्या सावलीत मेलेला सापडला तेव्हा सुजय अटलांटिकवर होता. त्याला परत पाठवायला जवळ बंदर नव्हतं. कॅप्टनने त्याला सुट्टी दिली होती, पण केबिनमध्ये बसवेना म्हणून तो डेकवर जाऊन गंज खरवडत राहिला. खरवडून खरवडून लोखंड चमकायला लागलं तरी खरवडत राहिला. दीपेश कधीतरी, एखाद्या दिवशी तरी, खरं बोलत असेल का, हा प्रश्न त्याला तेव्हा पडला नव्हता. आता पडत होता. निर्दोष माणसाला वेगळे शब्द मिळत नाहीत, हे त्याला आत्ता कळलं होतं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

त्याने मग ती चूक केली, जी घाबरलेला माणूस हटकून करतो. त्याने पुरावा आणला. आत जाऊन तो डबा घेऊन आला, आईपुढे धरला, हातखंब्याची टपरी, कमरेचं दुखणं, सगळं एका दमात सांगितलं. आईने कमरेबद्दल काही विचारलं नाही. तिने डबा हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि अंगठ्याने त्या हिरव्या पानावरून हात फिरवला. दीपेशच्या उशीखाली कागदाची एक पुडी सापडली होती, तिच्यात असलाच वाळका पाला होता. गर्दाच्या आधी त्याचं पाल्यावरच चाललं होतं. “ह्यो पालो मी वळखतंय,” एवढंच ती म्हणाली, आणि डबा त्याच्या हातात परत देताना तिने तो अशा बेताने दिला की तिची बोटं त्याच्या बोटांना लागू नयेत. मनिषा दारातून सांगत होती, की आत्या, मी आणल्या गोळ्या, मी. सगुणाने सुनेकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, दया होती. नवऱ्याला पाठीशी घालणारी बाई कशी दिसते हे तिला ठाऊक असावं. ती स्वतः पोराला पाठीशी घालून बसली होती.

त्यानंतर घरात कुणी कुणाला टाकून बोललं नाही. तेच वाईट होतं. भांडण झालं असतं तर त्यात तो आपला जीव मोकळा करू शकला असता. आई त्याला वेळेवर जेवायला वाढत होती, भाकरी गरम होती, तिखल्यात त्रिफळं होती. पण त्याचे सदरे धुवायला घेण्याआधी ती नाकाशी नेते, हे त्याने न्हाणीच्या कुडाआडून बघितलं. तो सावध झाला. आपण कसे दिसतो याचं त्याला भान यायला लागलं आणि ते भान आलं की माणसाचं चालणंसुद्धा खोटं होतं. न्हाणीत जास्त वेळ लागला तर तो आतून मुद्दाम बादली वाजवायचा. समुद्रावर एकटं जाऊन बसायची त्याला लहानपणापासून सवय, ती त्याने सोडली, कारण दीपेशही तसाच जाऊन बसायचा. सकाळी उशिरा जाग आली की तो दचकून उठायचा. जेवण कमी गेलं तर संशय, जास्त गेलं तर संशय, कारण ओढलेल्या माणसाला भूक लागते म्हणतात. कमरेची कळ आता खाली मांडीपर्यंत उतरली होती, पण तो बाम लावत नव्हता, नको आणि तो वास. रात्री आढ्याकडे बघत पडल्यावर त्याला वाटायचं, की यंत्राला जे दिसलं ते आपल्याला माहीत नसेल कशावरून. आपल्या रक्तात दीपेशचं काहीतरी असेल, आजवर झोपलेलं. एवढ्या मोठ्या लॅबला खोटं बोलून काय मिळायचंय? तो उठून पाणी प्यायचा आणि तांब्या खाली ठेवताना आवाज होऊ देत नसे. अंधारात भांड्याला हात लागल्याचा आवाज या घरात कुणालाही झोपेतून उठवतो.

त्याची पोर ईशा एवढी एक काय ती त्याच्याशी पहिल्यासारखी होती. ती त्याच्या मांडीवर बसून बोटीवर हत्ती नेतात का, असले प्रश्न विचारायची. एका दुपारी त्याला तिचे कान मोकळे दिसले, भोकांत कडुनिंबाच्या काड्या घातलेल्या. सोन्याची कुडी कुठे गेली म्हणून विचारलं तर ती म्हणाली, की आजीने काढून ठेवली, कान पिकेल म्हणाली. कान काही पिकलेला दिसत नव्हता. पण म्हाताऱ्या माणसांना काहीतरी वाटतं, असं म्हणून त्याने तो विषय सोडला. तेव्हा त्याच्या मनात दुसरं काही आलं नाही, हे विशेष. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका गोदामात माणूस हवाय असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, आणि त्याच्या डोक्यात तेच चाललं होतं. तिथेही आधी मेडिकल होतं. तो फाटकापर्यंत जाऊन आला होता.

आणि मग एके दिवशी, उन्हं कलताना, भागूबाईने त्याला वाटेत अडवलं. ती बाजार उठवून परत येत होती, टोपलीत उरलेल्या चार सौंदाळ्या होत्या आणि तोंड फुललेलं होतं. बातमी चांगली असो की वाईट, तिला ती पोटात ठेवता येत नाही. तिने सांगितलं ते ऐकून तो रस्त्यातच उभा राहिला. सकाळी सगुणा तिला घेऊन गावदेवीला गेली होती. गुरवाकरवी कौल लावला होता. देवीच्या दोन खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची आणि मनातलं विचारायचं. उजवं आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाय. विचारलं ते हे, की माझा सुजय निर्मळ हाय काय.

“उजवा दिलान रे बाला,” भागूबाई म्हणाली, “फूल असा टपकन खाली इला, गुरव पण बघीत रवलो. आता कोनाच्या बापाला भिऊ नको.”

त्याचा स्वतःचा देवाधर्मावर तसा फार विश्वास नव्हता. बोटीवर इतकी बंदरं आणि इतके देव बघितले की माणूस सगळ्यांनाच लांबून नमस्कार करायला शिकतो. पण त्या संध्याकाळी त्याला रडू आलं. कुणीतरी, दगडाने का होईना, त्याच्या बाजूने साक्ष दिली होती. लॅबच्या कागदावर ज्याचं नाव बदलून गांजेकस झालं होतं त्याला देवीने जुन्या नावाने ओळखलं होतं. आणि आई लॅब मानत नाही, देवी मानते. तिच्यापुरता हा निकाल शेवटचा. बोट गेली तर गेली, कंबर गेली तर गेली, मी गोदामात पोती मोजेन, पण आई माझ्याकडे बघून पूर्वीसारखी बांगड्याचा कल्ला उचलेल आणि म्हणेल, की हा शिळा, तुला फसवलान. एवढंच त्याला हवं होतं. इतके दिवस दुसरं काही नको होतं हे त्याला रस्त्यात उभं राहून कळलं. तो माघारी वळून नाक्यावर गेला आणि आईला आवडणारं मऊ खाजं घेतलं, आल्याचं, गुळाचं. निलेश तिथे उभा होता, त्याच्याशी तो आपणहून बोलला. कमरेत कळ येत होती तरी चढणीवर त्याने पावलं लांब टाकली.

घरी पोचला तेव्हा तिन्हीसांज झालेली. मनिषा ईशाला घेऊन अंगणात तुळशीपाशी होती. खाज्याचा पुडा हातात घेऊन तो सरळ देवघराच्या दाराशी गेला. आई देवापुढे पाठमोरी बसून वात लावत होती. उजेड नेहमीपेक्षा खाली होता, जमिनीलगत. त्याला आधी कळेना की काय वेगळं आहे. मग दिसलं, की समई नाही. समईच्या जागी दिवाळीतली मातीची पणती होती. घंटी नव्हती, पळी-पंचपात्री नव्हती, आणि देवांच्या समोरच्या तांब्याऐवजी स्टीलचा पेला होता. कोपऱ्यातल्या फणसाच्या लाकडी पेटाऱ्याला कुलूप होतं. ते कुलूप त्याने ओळखलं. ते दीपेशच्या वेळचं, इतकी वर्षं माळ्यावर गंजत पडलेलं होतं, आणि आता कुणीतरी त्याला खोबरेल लावून चालतं केलं होतं. त्याला एकदम ईशाचे मोकळे कान आठवले.

“समई कुटं गो आये?”

घासायला काढली, असं ती म्हणाली असती तर त्याने मानलं असतं. तो ते मानायला तयार उभा होता. पण सगुणा खोटं बोलली नाही. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, कमरेच्या पिशवीतली किल्ली चाचपली. मग त्यानेच सांगितलं, की भागूकाकी भेटली होती, कौल उजवा पडला म्हणाली. त्याच्या आवाजात लहान पोराचा आवाज मिसळला होता आणि ते त्यालाही ऐकू आलं. आये, देवीनं उजवा दिलान ना?

“तवाबी उजवाच दिलान होता,” सगुणा म्हणाली.

त्याच्या हातातला पुडा तसाच राहिला. दीपेश शेवटचा सुधारून घरी आला होता ते दिवस त्याला आठवले. तेव्हा सुजयही घरी होता. नारळ घेऊन देवळात आईबरोबर तोच गेला होता, पोर सुटलं काय म्हणून विचारताना तोच तिच्या मागे उभा होता, फूल उजवीकडून पडलं तेव्हा त्यानेच मोठ्याने होय म्हाराजा म्हटलं होतं. आईने त्या दिवशी वाडीत घरोघर साखर वाटली आणि पेटाऱ्याचं कुलूप काढून टाकलं. मग सुजय बोटीवर गेला आणि दीपेश त्या होडीच्या सावलीत सापडला. हे सगळं त्याला पाठ होतं, आणि आज रस्त्यात भागूबाईचं ऐकताना त्यातलं एक अक्षर त्याला आठवलं नव्हतं. आई मात्र सकाळी फूल पडताना बघत असेल तेव्हा तिला दुसरं काही दिसलंच नसेल. लॅब खोटी आहे हे तिला पटवता आलं असतं एखाद वेळ. देवी खरी आहे हे तिला कुठल्या तोंडाने पटवायचं?

सगुणा त्याच्याजवळ आली. ती आता वाळून एवढीशी झाली होती, त्याच्या छातीलाही लागत नव्हती. तिने हात वर करून त्याची हनुवटी धरली. बोटांना कोलमीचा आणि खोबरेलाचा वास होता. ती त्याला बाहेर पडवीच्या कडेपर्यंत घेऊन गेली, जिथे अजून थोडा उजेड शिल्लक होता, आणि त्याचं तोंड पश्चिमेकडे वळवलं. इतक्या दिवसांत तिचा हात त्याला पहिल्यांदाच लागत होता. त्याने प्रतिकार केला नाही. उलट तिला नीट दिसावं म्हणून तो गुडघे वाकवून खाली झाला, आणि कमरेतून कळ गेली तरी त्याने तोंड वेडंवाकडं होऊ दिलं नाही.

“डोळे उघड,” आई म्हणाली.

त्याने डोळे उघडले, शक्य तेवढे मोठे, आणि पापणी न हलवता तसेच धरून ठेवले. तुळशीपाशी मनिषा ईशाला शुभंकरोती म्हणायला लावत होती. रडायचं नाही, असं तो स्वतःला सांगत होता, आत्ता नाही, निदान एवढं होईपर्यंत नाही. पण ते त्याच्या हातात उरलं नव्हतं. डोळ्यांच्या कडा चुरचुरायला लागल्या होत्या, आत ऊन ऊन दाटून येत होतं, आणि आईच्या तोंडाकडे बघता बघता त्याला कळत होतं की ते लाल होत चाललेत.